पहिली मासोळी

आमच्या क्लायंटकडे एक गृहस्थ आहेत. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातले. पन्नाशीचे, शांत, कॉलवर कामापुरतंच बोलणारे. पण फेब्रुवारी संपत आला की यांच्या अंगात येतं, कारण मार्चच्या मध्याला तिकडे टर्कीच्या शिकारीचा सीझन सुरू होतो. यंदा मात्र गडी भलताच काळजीत होता. प्रॉडक्शनचा डेटाबेस आडवा झाला होता तेव्हाही मी त्यांना इतकं काळजीत पाहिलं नव्हतं. शेवटी न राहवून विचारलंच. तर म्हणाले, मुलगी चौदा वर्षांची आहे, या वेळी पहिल्यांदाच शिकारीला येतेय, आणि तिच्यासमोर 'जेक' आला तर तिला मारू द्यायचा की नाही हे ठरत नाहीये.

आता जेक म्हणजे शेजारचा कुणी पोरगा नव्हे बरं का! टर्कीचा एक वर्षाचा नर तो जेक, आणि पुढे दोन वर्षांचा होऊन छाती काढून फिरायला लागला की तो टॉम. नराच्या छातीवरून केसांचा झुपका लोंबतो, त्याला तिकडे दाढी म्हणतात. जेकची दाढी जेमतेम चार बोटं, टॉमची चांगली वीतभर. टॉमने शेपटी फुलवली की पंख्यासारखी एकसारखी गोल दिसते, जेकची मधली पिसं मात्र बाकीच्यांपेक्षा वर आलेली असतात, म्हणजे कॉलेजात नुकती दाढीमिशी फुटलेल्या पोराच्या भांगासारखं काहीतरी. (उपमा माझी. दोष टर्कीचा नाही.)

मिसिसिपीत १९९८ पासून जेक मारायला बंदी आहे. नर पूर्ण वाढलेला तरी हवा, नाहीतर त्याची दाढी किमान सहा इंच तरी. पण त्यात एक खिडकी ठेवली आहे. शिकारी पंधरा वर्षांचा किंवा त्याहून लहान असेल तर त्याला कुठल्याही वयाचा नर चालतो. शेजारच्या आर्कान्सॉमध्येही २०११ पासून असंच आहे, तिथे लहान पोरांना सीझनमध्ये एक जेक माफ. म्हणजे बापाची अडचण कायद्याची नव्हतीच. कायदा म्हणत होता, मारू दे. याचं मन म्हणत होतं, पहिल्याच दिवशी सोपं मिळालं तर पोरीला सवय काय लागेल? आणि दुसरं मन म्हणत होतं, तीन दिवस पहाटे चारला उठून थंडीत झाडाला टेकून बसली आणि हाती काहीच लागलं नाही तर पुढच्या वर्षी ती येईल का?

मी काय बोलणार! आम्ही पडलो परभणीचे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं म्हणत असलो तरी शिकारीच्या बाबतीत आमचा अनुभव शून्य. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाल्यापासून तर हौसेखातर रानातला साधा तितर मारणंही गुन्हा आहे. तरी हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण बंदुकीचा भाग सोडला तर प्रश्न आमच्याकडचाच वाटत होता.

आमची आजी कोंबड्या पाळायची. पाहुणा आला की अंगणातल्या पोरांना हाक जायची, 'धरा रे एक.' पण कुठली धरायची याचा नियम कडक होता. तलंगेला हात लावायचा नाही. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी, तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी.) कापायचा तो नर, आणि तोही बहुधा तरणाच, कारण अंगणाला एक म्हातारा कोंबडा पुरतो, बाकीचे नुसते भांडतात आणि दाणे खातात. म्हणजे आजीच्या हिशेबात जेक हा पहिला कापायचा! आणि मिसिसिपीच्या हिशेबात तो शेवटचा. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि मला यातच गंमत वाटते. टर्कीतही माद्यांशी जुगतात ते मुख्यतः मोठे टॉम. त्यामुळे जेक मारल्याने पुढच्या पिढीचं आजच काही बिघडतं असं नाही. बिघडतं ते पुढच्या वर्षीच्या शिकाऱ्याचं. आज सोडलेला जेक हा पुढच्या मार्चमधला टॉम. बँकेच्या भाषेत सांगायचं तर जेक म्हणजे मुदतीआधी मोडलेली एफडी. यात दयामायेचा संबंध कमी, व्याजाचा जास्त.

लहान जीव सोडून देण्याचा नियम म्हटला की आपल्याला वाटतं, ही भूतदया. पण ज्यांचं पोट शिकारीवर होतं त्यांनीही हा नियम पाळला आहे, आणि तो इथे महाराष्ट्रातच. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला होता. एकाच माळावर नंदीवाले, वैदू आणि फासेपारधी शिकार करायचे, पण प्रत्येकाचं सावज वेगळं. नंदीवाल्यांकडे कुत्री, त्यांचं सावज रानडुक्कर, घोरपड, साळिंदर. वैदूंकडे मासे, कासवं, खेकडे. आणि फासेपारध्यांकडे फासे, त्यात काळवीट आणि तितर-लावे. त्यांनी नोंदवलेली एक प्रथा अशी की फाशात हरणाचं पाडस किंवा गाभण मादी सापडली तर फासेपारधी ती सोडून द्यायचे.

हे वाचलं तेव्हा माझ्या इंजिनिअर डोक्यात पहिला विचार आला तो फाशाचा. फासा जनावराला मारत नाही, धरून ठेवतो. म्हणजे निर्णय नंतर घेता येतो, सावज हातात आल्यावर, डोळ्यांनी नीट बघून. बंदुकीत ही सोय नाही. चाळीस पावलांवर झुडपामागे उभा असलेला पक्षी जेक आहे की टॉम हे चाप ओढायच्या आधीच ठरवावं लागतं, आणि तेही छाती धडधडत असताना. नवशिक्याला हे कसं जमावं? पोरांना दिलेली ती सूट मला म्हणूनच फार शहाणपणाची वाटते. नजर तयार व्हायच्या आधी नजरेची परीक्षा घेण्यात काय अर्थ आहे!

(पारध्यांबद्दल एक गोष्ट इथे सांगून टाकतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्यात पारधीही आले. १९५२ साली तो शिक्का कागदोपत्री पुसला गेला. मग वन्यजीव कायदा आला आणि त्यांची विद्याच गुन्हा झाली. कायदा हवाच होता, काळवीट उरलं ते त्यामुळेच. पण पाडस सोडणारा नियम ज्यांचा होता त्यांच्याशी त्याबद्दल कुणी बोललं असेल असं वाटत नाही. असो. हा वेगळा लेख आहे.)

तर, आता येलदरी.

माझी ताई जिंतूरला दिलेली. भाऊबीजेला मी गेलो की दुसऱ्या दिवशी भाचा मला घरात बसू देत नाही. बारा वर्षांचा आहे. यंदा त्याच्या डोक्यात मासे धरायचं भरलं होतं, कारण यूट्यूब. मग दाजी, मी आणि भाचेबुवा असे तिघं येलदरीला गेलो. पूर्णा नदीवरचं हे धरण आमच्या जिल्ह्यातलं मोठं धरण, साठच्या दशकातलं, वीजही बनवणारं. दिवाळीत पाणी भरपूर असतं, काठाला गवत हिरवंगार, आणि वारा असा की पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये घालवलेलं सगळं आयुष्य फुकट वाटावं. मी ऑनलाइन मागवलेला चकचकीत रॉड नेला होता. भाच्याने तो दोन मिनिटं हातात धरला आणि परत दिला. त्याने आपली बांबूची काठी, तंगूस, गळ, थर्माकोलचा तुकडा आणि डब्यात गांडुळं असा संसार मांडला.

आता धरणातला मासा हा रानातल्या तितरासारखा कुणाचाच नसलेला नसतो, हे शहरात राहून लक्षात येत नाही. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात त्यांचं बहुतेक जमत नाही. पूर्वी त्यांचं बी नदीच्या पुरातूनच गोळा करावं लागे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांकडून अंडी घालून घेतली (१० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन त्याचाच), आणि मग बी केंद्रात तयार व्हायला लागलं. आधी जिऱ्याएवढं, म्हणून नावही मत्स्यजिरे. ते बोटाएवढं झालं की बोटुकली. (शासकीय मराठीला नावं ठेवणाऱ्यांनी हे दोन शब्द जरूर लक्षात ठेवावेत.) मच्छीमारांची सोसायटी ही बोटुकली विकत आणून धरणात सोडते आणि वर्ष-दीड वर्षाने किलोभराचा मासा जाळ्यात यावा म्हणून वाट बघते. म्हणजे धरणातला लहान रोहू हा अगदी शब्दशः कुणाची तरी एफडी आहे.

काठावर सोसायटीतले एक आजोबा जाळं वाळत घालून बसले होते. दाजींच्या ओळखीचे. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांना विचारूनच आम्ही गळ टाकला. तासाभरात भाच्याला पहिला मासा लागला, हाताच्या पंजाएवढी चिलापी. पोरगं असं ओरडलं की पलीकडचे बगळे उडाले. मग एकदम गंभीर होऊन मला म्हणालं, 'मामा, बारकी आहे. सोडायची का?'

यूट्यूबचा परिणाम, दुसरं काय! तिकडे सगळे मासा धरतात, फोटो काढतात, मुका घेतात आणि सोडतात.

मी म्हटलं, चिलापीला नाही सोडायचं. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणलेला. काही महिन्यांतच वयात येतो, साठलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वितो, पिल्लं तोंडात धरून सांभाळतो. गर्दी झाली की वाढ खुंटते, म्हणून तळ्यात बघावं तिकडे बारकी चिलापी. पाण्यातलं गाजरगवत म्हणा ना. लहान दिसते म्हणून ती लहान असेलच असं नाही, कदाचित दोनदा आजी झालेली असेल! ती पिशवीत गेली.

नवशिक्याला सांगायला हवं ते मला वाटतं हेच आहे, आणि ते कुणी सांगत नाही. 'लहान सोडा, मोठा धरा' हा नियम ऐकायला बरा आहे, पण तो माशागणिक बदलतो. मरळ घ्या. पावसाळ्यात मरळीची पिल्लं पाण्याच्या वर लालसर पुंजक्याने फिरतात आणि खाली आईबाप पहाऱ्यावर असतात. अशा वेळी त्या पुंजक्याजवळ गळ टाकला तर मोठा मासा हमखास लागतो, कारण तो चिडून अंगावर येतो. मासा मोठा, वजनदार, फोटोला झकास. आणि मागे राहिलेली सगळी पिल्लं दुसऱ्यांच्या पोटात. इथे मोठाच सोडायचा असतो. समुद्रातल्या माशांचं तर सरकारनेच २०२३ साली ठरवून दिलं, ५४ जातींसाठी किमान लांबी, प्रत्येकीची वेगळी. पापलेट १३५ मिलिमीटरच्या खालचं धरायचं नाही. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं, म्हणजे मान आणि माप दोन्ही एकदम मिळालं. बाजारात त्या मापाहून लहान पापलेट तरीही दिसतं, आणि स्वस्त मिळतं म्हणून आपल्यासारखे लोक घेतात.

अर्ध्या तासाने भाच्याला रोहू लागला. चिलापीपेक्षा मोठा, अंदाजे पाव किलो, लालसर पर, खवले असे चमकत होते की मीसुद्धा क्षणभर सगळा शहाणपणा विसरलो. गळ ओठालाच लागला होता, अलगद निघाला. म्हणजे सोडला असता तर नक्की जगला असता. पाण्याने भरलेल्या बादलीत तो फिरत होता आणि आम्ही तिघं वर वाकून उभे. दाजी म्हणाले, 'ठेव रे, पहिलाच आहे. आजीला दाखव.' भाचा माझ्याकडे बघत होता. मी आबांकडे बघितलं. मासा त्यांचा होता.

आबा जाळ्यातून उठलेसुद्धा नाहीत. तिथूनच म्हणाले, 'पहिली हाय ना? ने मंग. मोजून एक. दुसरी आली तर हात वला करून सोडायची.'

'का?' भाच्याचा प्रश्न.

'आरं लेकरा, बोटुकली आम्ही इकत आणून सोडतो. पुढच्या साली किलोची व्हईल, तवा ये अन् धर.'

मिसिसिपीचं सरकार आणि येलदरीचे आबा यांची कधी भेट झालेली नाही, पण दोघांनी लिहिलेला नियम एकच आहे. लहानाला सूट, पण मोजून. मला यातला 'मोजून' फार महत्त्वाचा वाटतो. सगळं चालतं म्हटलं की पोरगं मापच शिकत नाही. काहीच चालत नाही म्हटलं की ते घरी जाऊन मोबाईल उघडतं आणि पाण्याकडे पुन्हा फिरकत नाही. आणि धरणाला खरा धोका काठीवाल्या पोरापासून नसतोच. बारीक आसाचं जाळं, नाहीतर चक्क मच्छरदाणी ओढणारे एका रात्रीत बोटुकलीचा फडशा पाडतात. त्यांना थांबवायला कुणी हवं असेल तर ज्याने एके काळी स्वतः मासा मोजून नेला आहे असाच माणूस उपयोगी पडेल असं आपलं मला वाटतं. पुण्यात काही मित्र आहेत, त्यांचं म्हणणं असं की पहिल्या दिवसापासून पोरांना फक्त सोडायलाच शिकवावं. मान्य, पण ज्याच्या घरी रात्री मासा शिजत नाही त्यानेच हे म्हणावं हे जरा सोपं आहे. भाच्याच्या घरी शिजतो. मग तो कुठून येतो, जिवंत असताना कसा दिसतो आणि तो कुणाचा होता हे त्याला एकदा तरी कळायला नको?

मिसिसिपीच्या पोरीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. तिसऱ्या पहाटे दोन नर आले, दोन्ही बहुधा जेक. बापाने निर्णय तिच्यावर सोडला होता. तिने बंदूक खांद्याला लावली आणि खाली ठेवली. दया वगैरे काही नव्हतं, दोघं इतके चिकटून चालत होते की एकाला नेम धरला तर दुसराही जखमी झाला असता. बाप हे सांगताना जेवढा खूश होता तेवढा मी त्याला गो-लाइव्हच्या दिवशीही पाहिलेला नाही.

येलदरीची गोष्ट मात्र इतकी सरळ झाली नाही. उन्हं कलायला लागली तेव्हा भाच्याला दुसरा रोहू लागला, पहिल्यापेक्षा थोडा मोठा. पठ्ठ्याने कुणी न सांगता हात ओले केले (कोरड्या हाताने माशाचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागतो, हे त्याला यूट्यूबनेच शिकवलं होतं, श्रेय द्यायला हवं). पण या माशाने गळ गिळला होता. पार आत. ओढायला गेलं तर कल्ल्यातून रक्त यायला लागलं. भाचा रडवेला झाला. 'सोडतो ना मामा, सोडतो' म्हणत पाण्याकडे धावला. आबा या वेळी मात्र उठले. मासा हातात घेतला, कल्ला उचलून बघितला, तंगूस दातांनी तोडली आणि मासा आपल्या टोपलीत टाकला.

'ही आता जगत नाही,' म्हणाले. 'पाण्यात टाकून काय, कावळ्याला द्यायची का?'

'मग मला द्या ना, मी धरली,' भाचा म्हणाला.

'तुझी एक झाली.'

परतीच्या वाटेवर जिंतूर येईपर्यंत गाडीत यावर कडाक्याचं भांडण चाललं होतं. भाच्याचा मुद्दा असा की मासा मरणारच होता तर नियम कशाला, धरला त्याचा. दाजींचा मुद्दा असा की पाणी ज्याचं त्याचा मासा. मी आबांच्या बाजूने होतो, कारण गळ गिळलेला मासा पोराला मिळतो हे एकदा कळलं की पुढच्या वेळी सगळेच मासे गळ गिळायला लागतात. हे मी बोलून दाखवल्यावर भाचा खूप वेळ गप्प होता. पटलं होतं की अपमान वाटला होता, कळलं नाही.

ताईने रात्री चिलापी तळली आणि रोहूचं कालवण केलं. पाव किलोच्या माशाचे असे किती तुकडे होणार? चार. डोकं धरून पाच. आजीला डोकं, बाकी ज्याचं त्याने वाटून दिलं, अगदी मान ताठ करून. स्वतःला शेपटीकडचा घेतला. काटे काढायला मला बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला निघालो तेव्हा तो ओट्यावर बसून दाजींची पक्कड घेऊन काहीतरी खटपट करत होता. जवळ जाऊन बघितलं. गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो ना, तो चेपत होता. काटा चेपला की गळ सहज सुटतो, हे मीच गाडीत कधीतरी सांगितलं होतं. पाच गळ झाले होते, दोन मोडले होते.

'मासा निसटेल ना रे त्याने,' मी म्हटलं.

'मग तंगूस ढिली नाही सोडायची,' तो म्हणाला, आणि सहावा गळ पकडीत धरला.